गोल शाफ्टच्या पोटात चौकोन? सल्फर प्रिंटबद्दल मदत हवी

चरकवाला

मंडळी, विषय जरा किचकट आहे, पण इथे भट्टीवाले, लॅबवाले, रेल्वेवाले सगळेच वावरतात म्हणून धाडस करतोय.

कोल्हापूरजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. गुऱ्हाळांच्या चरकांची कामं करतो. मागच्या हंगामात एका चरकाचा ९० मिमीचा शाफ्ट ऐन गाळपात तुटला. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा बार, नवा घातलेला, अडीच महिने चालला. तोडलेला ऊस फडात वाळतोय आणि मालकाचा तासातासाला फोन, काय अवस्था होते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दुसरा शाफ्ट टाकून दिला, पण भांडण शिल्लक आहे. मी म्हणतो बार खराब, बार देणारा म्हणतो रिपोर्ट बघा. रिपोर्ट मीच बाहेरून काढला : कार्बन ०.४१, मँगनीज ०.७२, गंधक ०.०३६, फॉस्फरस ०.०३१. सगळं बसतंय.

आमच्याकडे एक निवृत्त काका येऊन बसतात. ते म्हणाले, "रिपोर्टावर काय जातोस? गंधक किती आहे ते रिपोर्ट सांगतो, कुठं बसलंय ते कागद सांगतो. सल्फर प्रिंट काढ." फोटोचा कागद लागतो एवढं त्यांना आठवतं, पुढचं नाही. कुणी केलंय का हे?

लॅबताई

काका पक्के आहेत, त्यांना चहा पाजा.

रिपोर्ट काढणाऱ्या स्पेक्ट्रो यंत्राची ठिणगी पडते ती बोटाच्या पेराएवढ्या जागेवर. तिथलं गंधक ०.०३६ आलं म्हणजे सगळ्या बारात तेवढंच आहे असं नव्हे. ओतलेलं पोलाद बाहेरून आत गोठत येतं, आणि गोठणारं लोखंड गंधकाला आपल्यात फारसं थारा देत नाही, उरलेल्या रसात ढकलत नेतं. शेवटी गोठतो तो मधला भाग, म्हणून जमाव तिथे. फॉस्फरस आणि थोडाफार कार्बनही त्याच वाटेने जातात. पुढे बार कितीही लाटला तरी हा जमाव लांबट होतो, बाहेर येत नाही.

गंधक पोलादात मोकळं नसतं. मँगनीज पुरेसं असलं की मँगनीज सल्फाइडचे कण होतात, ते फारसा उपद्रव देत नाहीत. मँगनीज कमी पडलं तर लोह सल्फाइड होतं. ते लोखंडाच्या जोडीने ९८८ अंश सेल्सिअसलाच वितळतं. घडाई त्याहून गरम असते, म्हणजे दाण्यांच्या सीमांवर पाणी झालेलं आणि वरून घाव पडतोय. बार तडकणारच. तुमच्या रिपोर्टात मँगनीज गंधकाच्या वीसपट आहे, ती काळजी सोडा.

आता प्रिंट. ब्रोमाइड कागद (जुन्या कृष्णधवल फोटोंचा, चांदीच्या लेपाचा) सौम्य सल्फ्युरिक आम्लात भिजवून पोलादाच्या घासलेल्या तोंडावर दाबायचा. जिथे सल्फाइड आहे तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो लांब जायच्या आत कागदातल्या चांदीला गाठतो आणि तिथेच तपकिरी डाग पडतो, सिल्व्हर सल्फाइडचा. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं, तेच रसायन. फक्त इथे ते काळं कुठे पडलं हेच आपल्याला वाचायचं असतं.

पद्धत १९०६ ची, जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या रिशार्ड बाउमान यांची. त्याच सुमारास हाइन रेशमी कापड पाऱ्याच्या क्षारात बुडवून असाच ठसा घेत होते, पण फोटोचा कागद स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून बाउमानचं नाव टिकलं. आय.एस.ओ. ४९६८ या मानकाच्या शीर्षकातही ते आहे.

खवचट_खिळा

ताई, आदर ठेवून म्हणतो, पण हे म्हणजे ग्रामोफोनवर गाणं ऐकण्यासारखं झालं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहेत, अल्ट्रासॉनिक आहे. एवढंच काय, एकास एक हायड्रोक्लोरिक आम्लात ७०-८० अंशाला अर्धा तास बुडवलं तरी भेगा, पाइप (गोठताना मध्ये राहिलेली पोकळी), दाण्यांचा प्रवाह सगळं उघडं पडतं. गंधकाचीच मिजास कशाला? शिवाय आता पोलाद इतकं स्वच्छ येतं की कागद कोराच निघतो.

लॅबताई

शेवटचं वाक्य एकशे एक टक्के खरं. गॅसच्या पाइपलाइनचं पोलाद घ्या, गंधक ०.००२ टक्क्यांच्या आत. त्यावर बाउमान स्वतः येऊन कागद दाबतील तरी काही उमटणार नाही. टायटॅनियम घातलेल्या पोलादातही फसगत होते, कारण टायटॅनियमचं सल्फाइड सौम्य आम्लाला दाद देत नाही. कोरा कागद दाखवून "आमचं पोलाद स्वच्छ" म्हणणारे मी पाहिलेत.

मायक्रोस्कोपबद्दल मात्र नाही पटत. तो हजारपट मोठं करून दाखवतो, पण केवढी जागा? मोहरीएवढी. तळहाताएवढ्या तोंडावर गंधकाचा नकाशा हवा असेल तर हा कागदच लागतो, पंधरा मिनिटांत आणि शंभर-दोनशे रुपयांत. गरम आम्लाची चाचणी याच्या जोडीला करतात, याच्या ऐवजी नाही.

रूळबंद

लॅबताईंना अनुमोदन. रुळांच्या जगात ही चाचणी म्हातारी झालेली नाही. भारतीय रेल्वेच्या रुळांचा जो तपशील आहे, आय.आर.एस. टी-१२, त्यात सल्फर प्रिंट आहे. रुळाचा आडवा काप घ्यायचा, ठसा घ्यायचा, आणि नमुना चित्रांशी ताडून बघायचा. युरोपच्या रूळ-मानकातही तसंच.

पूर्वी इंगटपासून, म्हणजे साच्यात ओतलेल्या पोलादाच्या ठोकळ्यापासून, रूळ लाटत. इंगटच्या डोक्याकडे पोकळी आणि गंधकाचा गाळ, म्हणून वरचा भाग कापून टाकायचा. कापणाऱ्याने हात आखडता घेतला की तो गाळ रुळाच्या पोटात जायचा. ठशात रुळाचा मधला उभा भाग पाहिलात तर काजळ घातल्यासारखी काळी रेघ दिसायची, डोक्यापासून पायापर्यंत. पुढे तिथेच रूळ उभा चिरायचा. सलग ओतकाम आल्यावर पोकळी गेली, मध्यरेषेचा जमाव राहिला, कमी झाला पण राहिला.

अवांतर : जुने रूळ भंगारातून उचलून त्याचेच बार लाटणारे लोक आहेत. असा बार तुमच्या हातात आला असेल तर ठशात गोल बाराच्या पोटात काहीतरी विचित्र आकार दिसेल. बघा.

चरकवाला

रूळबंद साहेब, झोप उडवलीत. आता काढतोच. कागद कुठे मिळेल? गावातला फोटोवाला हसला. म्हणाला, ब्रोमाइड? ते माझ्या बापाच्या काळात.

फोटोआजोबा

शेवटी माझा विषय आला! चाळीस वर्षं लाल दिव्याखाली काढली आहेत.

एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा "इंदू" कागद कुठेही मिळायचा. सरकारी कारखाना, तोही गेला. आता बाहेरून येणारा कागद मुंबई-पुण्याच्या मोजक्या दुकानांत मिळतो आणि किंमत ऐकून घाम फुटतो. पण तुम्हाला नवा नकोच आहे. तुम्ही चित्र डेव्हलप करणार नाही, म्हणजे मुदत संपलेला, जरा उजेड लागलेला कागदही चालेल. बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याला विचारा, माळ्यावर एखादं पाकीट निघेल. त्याच कारणाने डार्करूम लागत नाही, खोलीतल्या उजेडात करा, फक्त ऊन पडू देऊ नका. चकचकीत कागदापेक्षा पातळ, मॅट कागद घ्या. चकचकीत कागद साबणावर पाय पडल्यासारखा सरकतो.

लॅबताई

वा आजोबा. आता कृती, सलग सांगते.

काप तुटलेल्या तोंडापासून थोडा लांब घ्या, बँडसॉवर, भरपूर पाणी सोडून. गॅसने कापू नका. तोंड सरफेस ग्राइंडरवर सपाट करून बारीक एमरीने घासा. आरशासारखं चमकवायची गरज नाही, पण टूलची रेघ राहिली तर ती ठशात येते. मग तेलाचा अंश काढायचा, कापूस आणि अ‍ॅसिटोन. हा भाग लोक उरकून टाकतात आणि मग बोटांचे ठसे गंधक म्हणून वाचत बसतात.

शंभर मिली पाण्यात दोन ते तीन मिली सल्फ्युरिक आम्ल. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा, हातमोजे, खिडक्या उघड्या. कागद तीन-चार मिनिटं भिजवा, बाहेर काढून निथळू द्या. थेंब लोंबत असेल तर ठसा पसरतो. लेपाची बाजू पोलादाकडे ठेवून एका कडेपासून टेकवत न्या, वरून रबरी रोलर फिरवून हवा काढा. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पांढरा गोल पडतो आणि तुम्ही उगाच खूष होता. दोन ते पाच मिनिटं न हलवता धरा. एक कोपरा हळूच उचलून बघता येतं, पण पुन्हा तिथेच टेकला पाहिजे.

मग पाण्यात धुऊन हायपोमध्ये (फोटो पक्का करायच्या द्रावणात) पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्यात अर्धा तास, वाळवा. हायपो उरलेलं ब्रोमाइड काढून टाकतो, सल्फाइडच्या डागाला हात लावत नाही. ही पायरी गाळली तर दोन दिवसांत सगळा कागदच काळवंडतो.

दुसरा ठसा हवा असेल तर तोंड पुन्हा घासा. पहिल्या वेळी वरचं सल्फाइड खर्ची पडलेलं असतं, म्हणून तसाच घेतलेला दुसरा ठसा फिका येतो.

शिरोलीचा_रस

आमच्या बिडाच्या जगातलं थोडं. फाउंड्रीत आम्ही गंधकाला शिव्या घालतो ते वेगळ्या कारणाने. कुपोलातला (बीड वितळवायच्या भट्टीतला) कोक रसाला गंधक देतो. साध्या बिडात ठरलेला हिशोब आहे : गंधकाच्या १.७ पट मँगनीज, वर ०.३ टक्के. पण एस.जी. आयर्नमध्ये (गोल ग्रॅफाइटच्या बिडात) मॅग्नेशियम घालतो ना, ते आधी गंधकाला खातं, मग ग्रॅफाइट गोल करायला उरेल तेवढं उरतं. मॅग्नेशियमचं सल्फाइड वर मळी होऊन तरंगतं, ती साच्यात गेली की कास्टिंगच्या वरच्या अंगाला ड्रॉस, म्हणजे अडकलेली मळी. डोळ्याला बारीक काळपट चट्टा, मशीनिंग झाल्यावर कळतो, तोवर पैसे गेलेले. एकदा गिऱ्हाईक म्हणालं ब्लोहोल (वायूची पोकळी), आम्ही म्हटलं ड्रॉस, तेव्हा लॅबवाल्याने हाच ठसा घेतला. वरच्या कडेला काळी झालर! वाद मिटला. (गिऱ्हाईक जिंकलं नाही, आम्हीही नाही. कास्टिंग भंगारातच गेलं.)

मॅग्नेशियम घालतो त्या लाडलची ओली मळी फोडली की जो कार्बाइडसारखा, कुजकट वास येतो, तोही यातलाच.

दर्यावर्दी

धागा वाचतोय, मजा येतेय. टायटॅनिकचं पोलाद गंधकाने सडलं होतं म्हणून ते बुडालं, असं वाचलं होतं. खरं का?

लॅबताई

अर्धं. १९९६ मध्ये समुद्रतळावरून आणलेल्या पत्र्याचं विश्लेषण झालं : गंधक ०.०६९, मँगनीज ०.४७, फॉस्फरस ०.०४५ टक्के. मँगनीज गंधकाच्या सातपटही नाही. लाटताना सल्फाइडचे कण लांबट झालेले, त्यामुळे आडव्या दिशेने पत्रा जास्त ठिसूळ. चार्पी चाचणीत (घाव घालून तुकडा तोडायच्या) तो लांबीच्या दिशेने ३२ अंशाला आणि आडवा ५६ अंशाला ठिसूळ होऊ लागतो. आजचं साधं बांधकामाचं ए-३६ पोलाद उणे २७ पर्यंत तग धरतं. त्या रात्री पाणी उणे २ होतं. म्हणजे पत्रा ठिसूळ होता हे खरं.

पण ते त्या काळातलं वाईट पोलाद नव्हतं, तेव्हाच्या जहाजांना असंच मिळायचं. आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेट्समधल्या मळीचा मुद्दा वेगळाच आहे. हिमनगाला टक्कर गंधकाने दिली नाही.

खवचट_खिळा

चला, गंधकाला एक गुन्हा माफ.

चरकवाला

मंडळी, काढला! तीन कागद वाया घालवून.

पाकीट खरंच माळ्यावर निघालं, फोटोवाल्याच्या वडिलांचं. पहिल्या वेळी रोलर फिरवताना कागद सरकला, दोन दोन शाफ्ट दिसले. दुसऱ्याला मधोमध रुपयाएवढं पांढरं, म्हणजे हवा. तिसरा पोराने उन्हात नेला. चौथा बरा आलाय.

काप तुटलेल्या जागेपासून दीडशे मिमी लांबचा आहे, तिथे की-वे (चावी बसवायची खाच) संपलेला, म्हणून तोंडाकडे बघताना वर पंच मारला आणि की-वेची बाजू उजवीकडे येईल अशी खूण ठेवली. आता ऐका. गोल शाफ्टच्या ठशात मधोमध चौकोन दिसतोय! कडा गोलसर, पण चौकोनच. कडेचा भाग फिका आणि एकसारखा, चौकोनाच्या आत ठिपके दाट. आणि ठीक मध्यावर नाही, मध्यापासून उजवीकडे जरासा, एक गडद डाग, बोराएवढा.

उजवीकडे म्हणजे की-वेच्या बाजूला! तिथूनच तुटलाय! रूळबंद साहेब, हा चौकोन म्हणजे तुम्ही म्हणता ते भंगारचं प्रकरण का? आज संध्याकाळीच बारवाल्याला कागद दाखवायला निघतोय.

रूळबंद

थांबा, निघू नका. रूळ लाटलेला असता तर चौकोन कसा येईल? चौकोन म्हणजे बिलेट, पोलादाची ओतलेली चौकोनी दांडी. चौकोनी बिलेट लाटून गोल बार होतो, बाहेरचा आकार बदलतो, पोटातला नकाशा बराचसा चौकोनीच राहतो. हे जन्मखूण असल्यासारखं आहे. दोष नाही.

लॅबताई

रूळबंद बरोबर. आणि चरकवाले, दुसरी गोष्ट. कागद तुम्ही तोंडावर पालथा टाकला होता ना? मग तो उलगडून बघताना उजवं ते डावं होतं. रबरी शिक्क्यासारखं. तुमचा डाग प्रत्यक्षात की-वेच्या विरुद्ध बाजूला आहे.

तोही कडेपासून किती आत आहे ते पट्टीने मोजा. आणि तुटलेल्या तोंडाचं वर्णन लिहा. सुरुवातीलाच विचारायला हवं होतं मी, ठशाच्या नादात राहून गेलं.

चरकवाला

मोजलं. डागाची जवळची कड सुद्धा बाहेरून ३६ मिमी आत आहे.

तुटलेलं तोंड... गंजलंय थोडं, डिझेलने पुसलं. की-वेच्या तळाच्या एका कोपऱ्यापासून कमानी निघाल्यात, एकात एक, ओसरत्या लाटांनी वाळूवर रेघा सोडाव्यात तशा. तोंडाचा पाऊणहून जास्त भाग तसा गुळगुळीत, उरलेला खरबरीत दाणेदार. खरबरीत भाग की-वेच्या समोरच्या अंगाला.

लॅबताई

मग उत्तर तुमच्याच हातात आहे. ती थकव्याची भेग आहे, दर फेऱ्याला कणाकणाने पुढे गेलेली. सुरुवात की-वेच्या कोपऱ्यात, शेवट खरबरीत भागात. खरबरीत भाग एवढा लहान, म्हणजे ताण फार नव्हता, पोलादाने बराच काळ तग धरला. गंधकाच्या डागाजवळ भेग सुरू झालीच नाही, आणि एवढा मध्यजमाव या दर्जाच्या बारात असतोच.

टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो. की-वेच्या तळाच्या कोपऱ्याला त्रिज्या, म्हणजे गोलाई, ठेवली होती का?

चरकवाला

(उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, माफ करा.)

जुना शाफ्ट, म्हणजे ज्याच्या जागी हा घातला तो, भंगाराच्या ढिगातून शोधून काढला. चौदा हंगाम चाललेला. त्याच्या की-वेचे कोपरे गोलसर आहेत, नखाला लागतात. आमचा मिलिंगवर मारलाय, एंडमिलला (खाच कापायच्या हत्याराला) नवी धार लावून घेतली होती, कोपरा चक्क काटकोनात. नख अडकतं. पोराने काम फार सफाईने केलं होतं, मी त्याचं कौतुकही केलं होतं.

शिरोलीचा_रस

होतं राव. बदली टाकलेल्या शाफ्टचं काय?

चरकवाला

तोही त्याच एंडमिलचा. उद्या सकाळी जाऊन काढून आणतोय, गाळप सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. कोपरे गोल करून, भेग निघाली आहे का ते डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरणाऱ्या रंगाने) बघून मग परत.

बारवाल्याला फोन केला. तो काही बोलला नाही, "जेवायला या" म्हणाला. त्याने जास्त लाज वाटली.

काकांना ठसा दाखवला. त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि वहीत ठेवायला मागून घेतला. पाकिटात आठ कागद उरलेत, कुणाला हवे असतील तर सांगा.

फोटोआजोबा

एक मला पाठवा. आणि काकांना सांगा, वहीत ठेवण्याआधी अजून एकदा अर्धा तास धुवा. हायपो राहिला असेल तर वर्षभरात पिवळा पडेल.